किती नंबरचा छर्रा?

बारा बोरच्या काडतुसावरचा आकडा उलटा चालतो. नंबर जितका मोठा, तितका छर्रा लहान. आठ नंबरचा छर्रा मोहरीएवढा, चार नंबरचा ज्वारीच्या दाण्याहून जरा लहान, आणि ‘बीबी’ म्हणजे जवळजवळ ज्वारीचा टपोरा दाणाच. ‘बारा बोर’चा हिशेबही असाच गमतीचा आहे. नळीच्या तोंडात नेमकी बसेल अशी शिशाची गोल गोळी घ्यायची. अशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, तर ती बंदूक बारा बोरची. काडतूस हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. उर्दूत तो कारतूस झाला, मराठीत काडतूस. शब्द शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या मास्तराला एवढी माहिती असायला हरकत नाही.

ही माहिती मला पुस्तकातून नाही, नानांकडून मिळाली. नाना म्हणजे आईचे वडील. हिंगोली निजामाच्या राज्यात होती, त्या काळात ते तरुण झाले. त्यांच्याकडे परवान्याची दुनळी होती. काडतुसं आधी विलायती, नंतर खडकीच्या कारखान्यातली. कागदी नळीचं काडतूस पावसाळ्यात ओल धरून फुगतं आणि मग बंदुकीत बसत नाही, म्हणून ती पत्र्याच्या डब्यात, धान्याच्या कोठीजवळ, कोरड्या जागी राहायची.

नानांचा नियम पाढ्यासारखा पाठ होता: लाव्याला आठ, तितराला सहा, बदकाला चार, आणि कयाधू-पैनगंगेच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या मोठ्या हंसाला बीबी. यामागचं गणित साधं आहे. एका औंसात आठ नंबरचे साडेचारशेच्या आसपास छर्रे बसतात, सहा नंबरचे २७०, चार नंबरचे १७०. लावा शंभर ग्रॅमचा जीव. त्याच्यासाठी छर्ऱ्यांची चादर दाट हवी, नाहीतर तो दोन छर्ऱ्यांच्या मधून निघून जातो. बदकाची पिसं जाड, अंग भरलेलं. तिथे छर्रे थोडे चालतील, पण प्रत्येकात आत शिरण्याचं बळ हवं. आणि नंबर कोणताही असो, चाळीस यार्डांपुढे बार टाकायचा नाही. तिथून पुढे छर्रे पांगतात आणि त्यांचा जोरही सरतो.

नंबर चुकला तर काय होतं, हेही नाना सांगत. लाव्यावर चार नंबर टाकला आणि लागला, तर हातात फक्त पिसं येतात. बदकावर आठ नंबर टाकला तर ते उडून जातं. लोक म्हणतात, वाचलं. ते वाचलेलं नसतं. दोन-चार छर्रे अंगात घेऊन ते कुठेतरी पाणकणसात बसतं आणि दोन-तीन दिवसांनी मरतं. शिकाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मुसलमान शिकाऱ्याला यात आणखी एक अट होती. सूरह माइदामध्ये आघाताने मेलेलं जनावर हराम सांगितलं आहे. बाण धारेने कापतो, छर्रा आदळून मारतो, म्हणून आपल्याकडच्या बहुतेक हनफी उलमांचं मत असं, की बंदुकीने मेलेलं पाखरू खाता येत नाही. ते जिवंत हाती लागून जबह झालं तरच हलाल. काही उलमांचं मत वेगळं आहे, पण आमच्या घरात हेच मानलं जायचं. म्हणजे पाखरू पडलं पाहिजे, पण सुरी पोचेपर्यंत त्यात जीव राहिला पाहिजे. छर्रा बारीक तर ते निसटणार, जाड तर जागीच संपणार. नाना बार टाकताच धावत सुटायचे. वेळेत पोचले नाहीत तर ते पाखरू घरी यायचं नाही. म्हणून एखाद-दुसरं तितर हवं असेल तर ते बंदूक घेतच नसत, पारध्याकडून फासात धरलेलं जिवंत तितर घेत.

भाचा परवा विचारत होता, “मामू, तितराला किती नंबर?” त्याने मोबाईलवर कुठल्यातरी परदेशातल्या शिकारीचा व्हिडिओ पाहिला होता. मी त्याला वरचं सगळं गणित सांगितलं. मग हेही सांगितलं, की आता या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशात नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा काही जातींची शिकार परवाना काढून करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने तेही दार बंद झालं. तितर, लावा, हरियाल, बदक, कशावरही बंदूक धरणं गुन्हा आहे. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेने पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचा छर्रा देशभर बंद केला. तळाशी पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळत आणि शिशाच्या विषाने मरत. तिकडचे शिकारी पोलादी छर्ऱ्याकडे वळले. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून सहा नंबरच्या जागी त्यांना चार नंबर वापरावा लागला. नानांचा पाढा तिकडेही बदलला.

भाच्याचा पुढचा प्रश्न सरळ होता: “मग तितरं वाढली असतील ना?” याचं उत्तर मला बंदुकीच्या गणितात सापडत नाही. तितराला लपायला झुडपी बांध लागतो, पिलांना किडे लागतात. आमच्या भागात सोयाबीन आणि हळदीच्या रानांत बांध कोरून कोरून दोरीएवढे उरले आहेत, आणि त्यावरचं गवत तणनाशकाने जळतं. नानांच्या सहा नंबरच्या छर्ऱ्यातून निदान काही तितरं सुटत होती. फवारणीला नंबर नसतो, अंतर नसतं आणि हंगामही नसतो.

उत्तरेकडे काळ्या तितराच्या हाकेत लोकांना ‘सुभान तेरी कुदरत’ ऐकू येतं. आमचं राखी तितर वेगळं ओरडतं, पण नाना तेच शब्द त्यालाही लावायचे. औंढ्याच्या वाटेवर माळाचा एक तुकडा अजून नांगराखाली गेलेला नाही. पहाटे तिथून हाक येते. भाच्याला मी येत्या रविवारी फज्रनंतर तयार राहायला सांगितलं आहे.