डायऱ्यांतील नायिका

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत माझ्या मुलाचे छोटेसे मशीनशॉप आहे. परिसरातील फौंड्रीतून कच्चे कास्टिंग येते. आमच्याकडे ते मापात आणून पुढे पाठविले जाते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून तीन दिवस मी तेथे बसतो. चलने आणि बिले जुळविणे एवढेच माझे काम. हिशेबाची मुख्य बाजू सूनबाई सांभाळते.

गेल्या मार्चअखेरीस एक जुने चलन शोधताना कपाटाच्या खालच्या कप्प्यात पाच डायऱ्या सापडल्या. पुरवठादार नववर्षाला भेट देतात त्या. वर बेअरिंगच्या आणि कटिंग ऑइलच्या जाहिराती. आत सूनबाईचे अक्षर होते. दुसऱ्याचे खाते परवानगीवाचून उघडायचे नाही, ही माझी आयुष्यभराची शिस्त. तरीही चार पाने वाचली गेली, आणि मग खुर्ची ओढून बसलो.

ती कादंबरी होती. तिच्या नायिकेला एक विलक्षण देणगी आहे. ओतीव लोखंडावर तळहात ठेवला की ते ज्याने ओतले त्या कामगाराचा चेहरा तिला दिसतो. एके दिवशी तिला अशा माणसाचा चेहरा दिसतो, ज्याचे नाव हजेरीपत्रकात कोठेच नाही. रात्रपाळीत काय घडले आणि ते कोणी दडविले, याचा शोध ती एकटी घेते. तपासाचे तिचे साधन म्हणजे चलने, हीट नंबर आणि वजनकाट्याच्या पावत्या. हिशेबातील तफावत शोधताना रात्र रात्र जागलेल्या माझ्यासारख्या माणसाला पान सोडवेना.

संध्याकाळी मी डायऱ्या तिच्यासमोर ठेवल्या आणि आधी चूक कबूल केली. ती क्षणभर पांढरी पडली. मग म्हणाली, "अण्णा, दोन प्रकाशकांना पाठवली होती. एकाचं उत्तरच नाही. दुसरे म्हणाले, काही कौटुंबिक असेल तर पाहू. आता स्वतःच छापावी म्हणते."

घरात विषय निघाला तेव्हा मुलाची अडचण वेगळीच होती. "गिऱ्हाइकांनी वाचलं तर त्यांना वाटेल, हे आपल्याच शेजारच्या फौंड्रीत घडलं. ऑर्डर गेली तर?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. व्यापारी घराची पत कुजबुजीनेही उतरते. निर्णय माझ्यावर सोपविण्यात आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पण कारण ऑर्डरचे नव्हते.

१९७२ साली मी चौदा वर्षांचा होतो. आमची अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. शेजारच्या वाचनालयातून ती बाबा कदमांच्या कादंबऱ्या आणी. कोल्हापूरचा हा लेखक पेशाने सरकारी वकील. न्यायालयात पाहिलेले जग त्याच्या रहस्यकथांत उतरे. त्या वाचून वाचून अक्काने स्वतःच एक कथा लिहावयास घेतली. मी ती वही पाहिली आणि आप्पांना सांगितले. आप्पा रागावले नाहीत. घर गोष्टींवर चालत नाही, खतावणीवर चालते, एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती वही पाणी तापविण्याच्या बंबात गेली. अक्का एक शब्द बोलली नाही. पुढे तिचे लग्न झाले, संसार झाला. तीन वर्षांपूर्वी ती गेली. दरवर्षी क्षमावाणीला मी तिच्या पाया पडत असे आणि झाल्यागेल्याची क्षमा मागत असे. त्या वहीचे नाव मात्र माझ्या तोंडून कधीही निघाले नाही.

आपल्या परंपरेला अशा नायिकांचे वावडे होते काय? मुळीच नाही. पादलिप्तसूरींची 'तरंगवती' ही प्राकृत कथा पाहावी. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. 'तरंगलोला' या संक्षेपातून कथा आपणांस ठाऊक आहे. तरंगवती ही नगरशेठांची कन्या. पूर्वजन्मी आपण चक्रवाकी होतो हे तिला आठवते, आणि जोडीदाराचा शोध घेण्यासाठी ती त्या जन्माचे चित्र काढून लोकांपुढे मांडविते. तो सापडतो, परंतु वडील नकार देतात, कारण मुलगा सार्थवाहाचा, म्हणजे सदैव फिरतीवर असणाऱ्या व्यापाऱ्याच्या घरचा. ती रात्री नावेतून त्याच्यासह निघते, दोघे दरोडेखोरांच्या हाती सापडतात आणि बळी जाण्याच्या बेतात असताना सुटतात. पुढे ती साध्वी होते आणि ही सारी हकिगत स्वतःच्याच तोंडाने सांगते. अद्भुत आहे, रहस्य आहे, आणि निवेदन बाईचेच आहे. व्यापारी घरातील मुलीची ही कथा आपल्या आचार्यांनी रचली, जपली.

त्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी 'लीलावई' १९४९ साली संपादित केली. पैठणचा सातवाहन राजा, सिंहलची राजकन्या, गंधर्व आणि सिद्ध यांनी भरलेले हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य. उद्योतनसूरींची इ.स. ७७९ मधील 'कुवलयमाला'ही त्यांनीच संपादिली. एवढा व्यासंगी पंडित ज्या कथांवर वर्षानुवर्षे खर्ची घालतो, त्यांना वायफळ कसे म्हणावे?

सकाळी मी बँकेच्या सवयीने कागद घेतला. ३०० प्रती, प्रत्येकी १४० रुपये, एकूण ४२,००० रुपये. छापील किंमत २५० ठेवली आणि वितरक व विक्रेत्याला ४० टक्के दिले, तर हाती १५० येतात. २८० प्रती खपल्या की भांडवल सुटते. साऱ्या प्रती थेट विकल्या तर १६८ पुरेत. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, आणि आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. धोका मर्यादित, कर्ज नाही. मी शिफारस लिहिली: मंजूर करावे. मुलाच्या भीतीवरही तोडगा निघाला. कारखान्याचे गाव आणि नदीचे नाव काल्पनिक करावयाचे. दडविलेल्या अपघाताचा प्रसंग मात्र एका शब्दानेही सौम्य करावयाचा नाही. ही दुसरी अट सूनबाईची. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने मुद्रकाला फोन लावला.

त्या दिवशी मी सूनबाईला अक्काच्या वहीची गोष्ट सांगितली. आयुष्यात प्रथमच. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अण्णा, त्या वहीत काय होतं?"

मला उत्तर देता आले नाही. मी ती वाचलीच नव्हती. फक्त तक्रार केली होती.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्याही घरात, दुकानाच्या गल्ल्यामागे किंवा स्वयंपाकघराच्या फळीवर, अशी एखादी वही असेल. ती छापावी की नाही हे मागाहून ठरवा. आधी जिची आहे तिला विचारा, आणि तिने दिली तर शेवटच्या पानापर्यंत वाचा.