काजळी पुसावी कीं ठेवावी?

पोस्टाचीं तिकिटें किंवा जुनीं नाणीं जमविणाऱ्या गृहस्थाकडे लोक आदरानें पाहतात. आम्ही मात्र जुन्या मोटारींचे स्पार्क प्लग जमवितों आणि त्यांचीं छायाचित्रें घेतों, असें कळतांच समोरच्या माणसाच्या मुद्रेवर आमच्या प्रकृतीविषयींची काळजी उमटते. बोटभर लांबीची ती वस्तु! गाडी सुरू होईना म्हणजे तिची आठवण व्हावयाची. एरवीं ती गाडींत आहे हेंहि कोणाच्या ध्यानीं नसतें.

तिचें काम मात्र सामान्य नव्हे. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असलें, म्हणजे प्रत्येक प्लगला त्या एका मिनिटांत १५०० वेळां ठिणगी पाडावी लागते. हजारों व्होल्टची वीज भलतीकडे जाऊं न देण्याचा भार मधल्या चिनी मातीच्या दांड्यावर. ती माती तापानें तडके, म्हणून कित्येक जुन्या प्लगांत अभ्रकाच्या चकत्या एकावर एक रचलेल्या आढळतात. १९०२ सालीं रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गोटलोब होनोल्ड यानें उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला, आणि मोटारीला भरंवशाची ठिणगी लाभली.

आमच्या संग्रहांत ‘एसी’ हीं दोन अक्षरें मिरविणारा एक प्लग आहे. आल्बेर शाँपियाँ हा फ्रेंच सायकलपटू १८९९ सालीं पॅरिस-रूबे शर्यत जिंकला. पुढें अमेरिकेंत जाऊन त्यानें बोस्टन येथें स्वतःच्या नांवानें धंदा काढला. १९०८ सालीं तो फ्लिंट येथें नव्या कारखान्यांत गेला. पण ‘चँपियन’ हें नांव बोस्टनच्या जुन्या भांडवलदारांकडेच राहिलें. अखेर १९२२ सालीं त्याच्या कंपनीनें त्याचीं नुसतीं आद्याक्षरें धारण केलीं. १९२७ सालीं लिंडबर्ग एकट्यानें अटलांटिक ओलांडून पॅरिसला उतरला, तेव्हां त्याच्या इंजिनांत याच दोन अक्षरांचे प्लग होते. त्याच वर्षीं शाँपियाँ पॅरिसमध्येंच वारला. ज्याच्या नांवाचे प्लग जगभर खपले, त्याच्या स्वतःच्या प्लगावर त्याचें नांव नव्हतें!

अशा वस्तूचें छायाचित्र घेणें सोपें नसतें. चिनी मातीची झिलई उजेड परत फेंकते, आणि नेमकीं अक्षरेंच दिसेनाशीं होतात. म्हणून आम्ही काळ्या कापडावर प्लग ठेवून खिडकीचा उजेड पातळ कागदांतून गाळून घेतों. परंतु खरा वाद निराळाच आहे. आमच्या घरीं पितळेच्या समया चिंचेनें उजळण्याची परंपरा. तेव्हां या प्लगांनाहि तोच संस्कार व्हावा, असें गृहमंडळींचें मत. संग्राहकांतहि या मताचे पुष्कळ आहेत.

आम्हांस तें मान्य नाहीं. बाहेरची धूळ आम्ही खुशाल झाडतों, पितळी नटहि पुसतों. ठिणगीच्या टोकाला मात्र हात लावीत नाहीं. तेथें फिकट तपकिरी छटा असली तर इंजिन निरोगी होतें. कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल अधिक जात होतें. तेलकट असली तर तेल वर चढत होतें. आणि टोंक पांढरें भाजलेलें असलें तर ताप अनावर झाला होता. कोणत्याहि कुशल मेस्त्रीला हें वाचतां येतें. तें पुसून टाकणें म्हणजे चरित्रनायकाचीं कर्जें, भांडणें आणि आजार गाळून त्याचें चरित्र लिहिण्यासारखें आहे. तसलीं लखलखीत चरित्रें आम्हीं आयुष्यांत पुष्कळ वाचलीं, आणि त्यांतील एकहि माणूस आज आम्हांस आठवत नाहीं.

परवां एक प्लग हातीं आला. त्याच्यावरचीं अक्षरें पार झिजलेलीं. कारखाना कोणता, साल कोणतें, कांहींच कळत नाहीं. टोंक मात्र सुरेख तपकिरी आहे. त्याचें छायाचित्र आम्हीं टोंकाच्या बाजूनेंच घेतलें.