पोरांसह लांडोर बंगल्यावर

रविवारी सकाळी सौ. म्हणाल्या, "भाकरी बांधते, चला कुठंतरी." ठरलं, लळिंग! धुळ्याहून आग्रा रोडनं दहाएक किलोमीटर. जळगावकरांनी पहाटेची एस.टी. धरावी. ३१ जुलै १९३७ ला कोर्टाच्या कामासाठी धुळ्यास आलेले बाबासाहेब इथल्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दरवर्षी त्या तारखेला भीमस्मृती यात्रा भरते. यात्रेला जावंच, पण कडेवर लेकरू घेतलेल्या बाईला त्या गर्दीत बंगला धड दिसत नाही. साध्या रविवारी दिसतो. धाकटी चढावर दोनदा बसली, कळण्याची भाकर आणि ठेचा पोटात गेल्यावर मग पळाली. थोरल्यानं विचारलं, "पुस्तकातले बाबासाहेब खरंच इथं झोपले होते?" "हो," म्हणालो. त्यानं चपला काढून हातात घेतल्या.