सामिक्लाउस: घाई नसलेले गृहस्थ

यांना भेटायला तहान लागलेली असताना जाऊ नका. सामिक्लाउस खानदानाने लागर बिअरच, पण तहान भागवण्यासारखी किरकोळ कामं त्यांनी धाकट्या भावंडांकडे सोपवली आहेत. ती भावंडं साधारण पाच टक्के मद्यार्कात संसार करतात. यांचा आकडा चौदा. यांची एक छोटी बाटली म्हणजे साध्या बिअरच्या जवळजवळ तीन तेवढ्याच बाटल्यांचा ऐवज.

जन्म झुरिकचा, १९७९ चा, ह्युर्लिमान ब्रुअरीतला. यीस्टची गंमत अशी, की साखर खाऊन जो मद्यार्क ते तयार करतं, तो वाढला की त्यातच त्याचा जीव गुदमरतो. ह्युर्लिमानच्या मंडळींनी मात्र यीस्टवर बरंच संशोधन केलेलं होतं. चिवट वाण हाताशी होते, म्हणून हे अवतरले. नाव मिळालं ते लहान मुलांना खाऊ वाटणाऱ्या सेंट निकोलसचं. मुलांनी यांच्यापासून लांबच राहावं, हा भाग वेगळा!

स्वभाव कमालीचा सावकाश. वर्षातून एकच दिवस, ६ डिसेंबरला, सेंट निकोलसच्या सणाला, यांची भट्टी लागते. मग दहाएक महिने गारठ्यात मुक्काम. दर्शन थेट पुढच्या हिवाळ्यात. बाकीची दुनिया वय लपवते, हे बाटलीवर साल छापून मिरवतात. आणि नीट जपलं तर वर्षागणिक अधिकच मुरतात.

नव्वदच्या दशकात झुरिकचं घर सुटलं. ब्रुअरी विकली गेली, बंद पडली, आणि काही वर्षं यांचा पत्ताच नव्हता. २००० साली ऑस्ट्रियातल्या श्लॉस एगेनबर्ग ब्रुअरीने यांना आसरा दिला. झुरिकच्या त्या जुन्या वास्तूत, दगडी कमानींखाली, आता लोक पैसे मोजून गरम पाण्यात डुंबतात. गारठ्यावर वाढलेल्या माणसाला हे कोणी न सांगितलेलं बरं.

फ्रिजमधून काढून थेट ओतलंत, तर रुसतात. नुसता गोडवा दाखवतात, बाकी तोंड बंद. थोडा वेळ बाहेर ठेवा, पोट सुटलेला ग्लास घ्या. फेस येतो न येतो तोच बसतो. फेसाळणं त्यांना पोरकट वाटत असावं. रंग लालसर तपकिरी. वासात काळ्या मनुका, सुकं अंजीर, जळक्या साखरेचा खमंगपणा. पहिला घोट जिभेवर काकवीसारखा जड पसरतो, आणि तो गिळल्यावर छातीत ऊब उतरते. हॉप्सचा कडवटपणा केवळ हजेरीपुरता.

चकण्याला खारे दाणे ठेवलेत तर बोलणार नाहीत, पण दाण्यांची चव पार पुसून टाकतील. निळ्या बुरशीचं उग्र चीज समोर आलं की मात्र बरोबरीचा माणूस भेटल्यासारखे खुलतात.

दुसरी बाटली उघडायचा आग्रह त्यांच्याकडूनच होईल. ऐकू नका. तुम्हाला सकाळी ऑफिस असतं. यांना पुढच्या डिसेंबरपर्यंत काम नाही.