दाबाचा हिशेब

कलाशाखेच्या पदवीधराने विजेविषयी लिहावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु शेजारी घडलेली गोष्ट कुणीही सांगावी. आमच्या शेजाऱ्याने कर्ज काढून, पोलादी हत्यारांना पाणी देण्यासाठी, एक जुनी अमेरिकन विद्युत्-भट्टी आणली. भट्टी चालू झाली, पण पोलाद हवे तसे तापेना. “मास्तर, हिका उजो पावना,” तो खिन्नपणे आम्हांस म्हणाला.

दोष भट्टीचा नव्हता. तिच्या पट्टीवर 480 व्होल्ट दाब कोरलेला. कारखान्यात येत होते 415 व्होल्ट. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून सुमारे चतुर्थांश उष्णता कमी पडत होती.

उपाय होता स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी. पहिल्यात 415 वेढे असतील तर दुसऱ्यात 480, एवढेच रहस्य. फॅराडेने 1831 साली दाखविलेले तत्त्व ते हेच. मात्र येथे फुकट काही मिळत नाही. भट्टी 100 अँपिअर घेते, तेव्हा अलीकडच्या तारांतून 116 हून थोडे अधिकच वाहतात. त्या तारा तेवढ्या जाड हव्यात. शिवाय 50 आवर्तनांची 60 होत नाहीत. तापणाऱ्या तारांचे त्यावाचून अडत नाही. मोटारीचे अडू शकते.

विद्यार्थिमित्रहो, यंत्रास नावे ठेवण्यापूर्वी त्याची पट्टी वाचावी. घरी कोंकणी बोलणारे एखादे मूल मराठीच्या तासाला गप्प बसले, की आम्हीही आता प्रथम हेच विचारतो : यास कमी काय पडते?