शेवटची फेरी किती वाजता?

परदेशाची सहल आखायला बसले की मी आधी विमान बघत नाही आणि हॉटेलही बघत नाही. ज्या ठिकाणी पोहोचणं सगळ्यात अवघड, तिथे जाणारी दिवसातली शेवटची बस, आगगाडी किंवा फेरीबोट किती वाजता सुटते, ते वहीत लाल शाईने लिहिते. तिथून उलटं मागे येत येत मुंबईच्या विमानतळापर्यंत पोहोचते. ही रीत मला साताऱ्याच्या एसटी स्टँडने शिकवली. माझं माहेर मेढ्याच्या पुढचं. गावात मुक्कामी गाडी एकच, आणि ती चुकली तर रात्र कुठे काढायची याचा विचार सकाळी घरातून निघतानाच करावा लागे. दुपारी बाजारात किती रेंगाळायचं, आत्याकडे चहा घ्यायचा की नाही, हे सगळं त्या एका वेळेवरून ठरायचं.

स्कॉटलंडचा उत्तर-पश्चिम भाग मी आणि नवऱ्याने याच पद्धतीने पाहिला. वाट अशी ठरवली: लंडनहून ग्लासगो, तिथून आगगाडीने मॅलेगचा धक्का, फेरीबोटीने स्काय बेट, बेटावर बस, पुलावरून काइल, काइलहून पुन्हा आगगाडीने इन्व्हरनेस. आणि मग तिथे चार दिवसांसाठी भाड्याची गाडी. सोळा दिवसांच्या सहलीत गाडी चारच दिवस, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. पण रूळ जिथपर्यंत जातात तिथपर्यंत आगगाडीने जावं आणि गाडी रूळ संपतात तिथून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. लंडन-एडिंबरोसारख्या शहरांत गाडी म्हणजे पार्किंग शोधण्याची रोजची मजुरी. आणि विमानतळावर उतरल्या उतरल्या, रात्रभराच्या जागरणानंतर, अनोळखी देशात चाक हातात घेणं मला धोक्याचं वाटतं. ते मी कधी केलं नाही आणि कुणाला करू देत नाही.

गाडी स्वतः चालवायची ही पहिलीच वेळ असेल तर डावीकडून वाहतूक चालणारा देश निवडावा. ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान हे असे देश आहेत. नियम, पाट्या, हवामान सगळं नवीन असताना निदान हातांची आणि डोळ्यांची सवय तरी मोडावी लागत नाही. ब्रिटनमध्ये पाहुण्याला आपल्या भारतीय लायसन्सवर बारा महिन्यांपर्यंत कार चालवता येते. तरीही मी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून नेला होता, कारण कायदा एक असतो आणि काउंटरवरच्या माणसाच्या हातातली यादी कधी कधी दुसरीच असते.

तिकिटांचं थोडक्यात सांगते. ब्रिटनच्या रेल्वेत आधी काढलेलं स्वस्त तिकीट त्याच गाडीला चालतं, गाडी चुकली की वाया जातं. म्हणून विमानाला जोडून जो प्रवास असेल त्याला मी महागडं, पण कोणत्याही गाडीला चालणारं तिकीट घेते आणि बाकी सगळीकडे स्वस्तातलं. दोघांनी बरोबर प्रवास करायचा असेल तर ‘टू टुगेदर’ नावाचं कार्ड मिळतं, त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट असते. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण माणशी एक कार्ड लागतं. आत जाताना फोन टेकवला आणि बाहेर येताना कार्ड, असं केलं तर यंत्राच्या हिशेबात ते दोन निराळे प्रवासी होतात.

ग्लासगोत दोन मोठी स्टेशनं आहेत. लंडनची गाडी सेंट्रलला येते, मॅलेगची क्वीन स्ट्रीटवरून सुटते. अंतर चालत दहा मिनिटांचं, पण बॅगा ओढत आणि पावसात. दोन गाड्यांमध्ये नुसती वेळ बघून भागत नाही, स्टेशनचं नावही बघावं लागतं, ते यासाठी. दुसरी गोष्ट मला आधी वाचून ठाऊक होती म्हणून बरं. ही गाडी क्रियनलॅरिख नावाच्या छोट्या स्टेशनवर तुटते. काही डबे ओबानला जातात, उरलेले फोर्ट विल्यम आणि पुढे मॅलेगला. आम्ही ग्लासगोलाच प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला विचारून योग्य डब्यात बसलो. समोरचं एक जोडपं मात्र चुकीच्या डब्यात होतं. वाटेत गार्डने प्रत्येकाला ‘कुठे उतरणार’ विचारलं, तेव्हा त्यांना कळलं.

त्या मार्गाबद्दल लिहायचं तर दुसरा लेख होईल. रॅनॉखच्या दलदलीत रुळांना पाया सापडेना, तेव्हा झाडांची मुळं, फांद्या, माती आणि राख यांचा थर टाकून त्यावर रूळ अंथरले. १८९४ मध्ये फोर्ट विल्यमपर्यंत गाडी सुरू झाली, १९०१ मध्ये मॅलेगपर्यंत. कोरूर हे ४०८ मीटर उंचीवरचं स्टेशन असं आहे की तिथे सार्वजनिक रस्ता जातच नाही. ग्लेनफिनानचा एकवीस कमानींचा काँक्रीटचा पूल वळणावर आहे, त्यामुळे आपल्याच गाडीचे पुढचे डबे खिडकीतून दिसतात. कार चालवणाऱ्याला हे काहीच दिसलं नसतं. साधारण सव्वापाच तास आम्ही दोघंही खिडकीला चिकटून होतो.

मॅलेगला उतरलो तेव्हा धक्क्यावर पाटी लागलेली होती: वाऱ्यामुळे दुपारनंतरच्या फेऱ्या रद्द. समोर स्काय बेट दिसत होतं, पण मधलं पाणी पांढरं झालं होतं. अशा वेळी आखणीची परीक्षा होते. माझ्या वहीत त्या दिवसापुढे ‘मोकळा’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे स्कायवर करायचं ठरवलेलं काहीही त्या संध्याकाळवर किंवा दुसऱ्या सकाळवर अवलंबून नव्हतं, आणि बेटावरच्या पोर्ट्री गावातली खोली एक दिवस पुढे सरकवता येईल अशा अटीवर घेतलेली होती. आठवड्यातला एक दिवस असा रिकामा ठेवायचा आणि तो बोटीच्या किंवा शेवटच्या बसच्या लगेच मागे ठेवायचा. सहलीच्या अगदी शेवटी ठेवलेल्या मोकळ्या दिवसाचा असल्या अडचणीत उपयोग होत नाही. आम्ही त्या रात्री मॅलेगमध्ये राहिलो. नवरा मासळीच्या धक्क्यावर तासभर उभा राहून होड्या बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच बोटीने स्कायवरच्या आर्माडेलला पोहोचलो.

बेटावरच्या बस चांगल्या आहेत, पण मोजक्या, आणि रविवारी आणखी कमी. पश्चिमेकडच्या बेटांवर रविवार आजही पाळला जातो. लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेहून मुख्य भूमीकडे रविवारची फेरीबोट सुरू झाली ती २००९ मध्ये, तीसुद्धा मोठ्या वादानंतर. तेव्हा तारखांबरोबर वारही मांडून बघावा. आमचा रविवार मी चालण्यासाठी ठेवला होता.

आता इन्व्हरनेसचा काउंटर. गाडी मी चालवणार होते, म्हणून बुकिंग माझ्या नावाने केलं होतं. तीन महिने आधी पैसेही भरले होते. काउंटरवरच्या मुलीने लायसन्स, पासपोर्ट बघितला आणि क्रेडिट कार्ड मागितलं. माझ्याकडे माझं डेबिट कार्ड होतं आणि क्रेडिट कार्ड नवऱ्याच्या नावाचं. ती नम्रपणे म्हणाली, अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवावी लागते, यात मला काही करता येणार नाही. मागे रांग होती. मी बँकेत सव्वीस वर्षं काढलेली, नियमाला अपवाद नसतो तेव्हा तो का नसतो हे मला कळतं, पण त्या क्षणी हातपाय गार पडले. चार दिवसांच्या खोल्या अशा गावांत ठरवल्या होत्या जिथे बस आठवड्यातून काही ठरावीक दिवशीच जाते.

नवऱ्याने पाकिटातून स्वतःचं लायसन्स काढलं. तो चालवणार नव्हता, तरी आणलं होतं. मग तो मुख्य चालक झाला, मी जादा चालक, आणि त्या जादा नावाचे रोजचे वेगळे पैसे पडले. तेव्हापासून मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिलं सांगते: चालवणारा, बुकिंग आणि क्रेडिट कार्ड, तिन्हीवर एकच नाव. कार्डाची मर्यादाही आधी वाढवून घ्यावी, कारण ही रक्कम काही शे पौंडांची असते आणि गाडी परत केल्यावर सुटायला काही दिवस लागतात. दोघांचीही लायसन्सं न्यावीत.

विम्याचा कागद शांतपणे वाचावा. अपघात झाला तर नुकसानीचा पहिला ठरावीक भाग आपण भरायचा असतो. टायर, काच आणि गाडीचा तळ साध्या विम्यात बहुधा येत नाहीत, आणि अरुंद खडबडीत रस्त्यावर लागतं ते नेमकं यांनाच. गाडी ताब्यात घेताना मी भोवती फिरून व्हिडिओ काढते, चाकांच्या कडांसकट, आणि ओरखडा दिसला तर तो कागदावर लिहून घेतल्याशिवाय किल्ली घेत नाही. पेट्रोल स्वतः भरायचं असतं. तिथे पेट्रोलची नळी हिरवी असते आणि डिझेलची काळी. गाडीत कोणतं इंधन लागतं ते टाकीच्या झाकणावर वाचून मगच नळी उचलावी. टाकी भरून परत करायची आणि पावती जपून ठेवायची.

आम्ही अलापूलमार्गे असिंट भागात गेलो. लॉखइन्व्हरहून ड्रमबेगकडे जाणारा रस्ता एकपदरी आहे, म्हणजे खरोखर एका गाडीच्या रुंदीचा. दोन्ही दिशांची वाहतूक त्यावरूनच चालते. थोड्या थोड्या अंतरावर पांढऱ्या पाटीची रुंद जागा येते, तिला तिथे ‘पासिंग प्लेस’ म्हणतात. समोरून गाडी दिसली की ही जागा ज्याला जवळ, त्याने थांबायचं. जागा आपल्या डावीकडे असेल तर तिच्यात शिरायचं आणि उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यातच थांबायचं, समोरचा तिच्यात शिरतो. उजवीकडच्या जागेत आपण घुसायचं नाही. चढणाऱ्या गाडीला शक्यतो आधी वाट द्यायची. हे शेवटचं वाचल्यावर मला आंबेनळी घाटच आठवला. वडिलांनी मला तिथे जीप शिकवली, तेव्हा हाच नियम पहिल्या दिवशी सांगितला होता.

पण एक गोष्ट घाटात शिकले नव्हते. या जागा मागच्या गाडीला पुढे जाऊ देण्यासाठीही असतात. पहिल्या दुपारी मी सावकाश, डोंगर बघत चालले होते आणि आरशात टपालाची लाल गाडी बराच वेळ मागे दिसत होती. तिने ना हॉर्न दिला, ना दिवे मारले. नवरा म्हणाला, “अगं, त्याला जायचंय.” मी पुढच्या जागेत डावीकडे थांबले. त्याने जाताना काचेतून हात वर केला. तो रस्ता माझ्यासाठी सहलीचा होता. त्याच्यासाठी पुढच्या बारा घरांचं टपाल होतं, आणि त्याच्या जागी उद्या नर्स असेल, शाळेची गाडी असेल. आपण त्यांच्या अंगणातून जातोय हे मग माझ्या मनातून एकदाही गेलं नाही. पासिंग प्लेसमध्ये गाडी लावून फोटो काढणारे लोक पाहिले तेव्हा मला राग आला, आजही येतो. फोटोसाठी गाडी लावायची तर पार्किंगची खरी जागा शोधावी आणि मागे चालत यावं.

ताशी ६० मैलांची मर्यादा, म्हणजे साधारण ९६ किलोमीटर, अशा रस्त्यालाही लागू असते. कुणीही शहाणा माणूस तिथे त्या वेगाने जात नाही. फोनवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्याच्या दीडपट मी धरते. आणि कागदी नकाशा जवळ ठेवते, कारण दऱ्यांमध्ये फोनची रेंज जाते.

तिसऱ्या दिवशी ॲपलक्रॉसला जायचं होतं. तिकडे नेणारी ‘बॅलख ना बा’ ही खिंड ६२६ मीटरवर आहे. वळणं आपल्या घाटांसारखी, रस्ता मात्र एकपदरी. पायथ्याच्या पाटीवर नवशिक्या चालकांनी आणि मोठ्या गाड्यांनी जाऊ नये असं लिहिलंय. मी नवशिकी नाही. पण चार वाजले होते, वरचा अर्धा डोंगर ढगात होता आणि मी सकाळपासून चालवत होते. पाच मिनिटं गाडी बाजूला लावून बसलो. मग शील्डेगकडून किनाऱ्याने जाणारा लांबचा रस्ता धरला. रात्री उशिरापर्यंत उजेड असतो जूनमध्ये, त्यामुळे घाई नव्हती. ती खिंड माझी राहिलीच, आणि तो निर्णय मी पुन्हा तसाच घेईन.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. न्यूझीलंडला जायचंय, दोन्ही बेटं बघायची आहेत, गाडी ऑकलंडलाच घेतोय. म्हणाला, “मावशी, यादी पाठवली आहे, जरा बघ ना.” यादीत हॉटेलं होती, धबधबे होते, एका दिवसात पाचशे किलोमीटर होते. वेलिंग्टनहून पिक्टनला सामुद्रधुनी ओलांडावी लागते, तिथे अनेक कंपन्या गाडी या बाजूला ठेवून घेतात आणि पलीकडे दुसरी देतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी ते सांगितलं आणि विचारलं, “वेलिंग्टनहून शेवटची फेरी किती वाजता?”

थोडा वेळ फोनवर काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, “बघून सांगतो. आणि रविवारची वेगळी असते का, तेही बघतो.”