तिसरं पत्र

माझ्या कादंबरीच्या ८४व्या पानावर मी वाचकांना फसवलं आहे. पुस्तक छापून हातात आलं तेव्हा ती मला फसवणूक वाटत नव्हती, कसब वाटत होतं.

कादंबरी प्रेमाची होती. नायकाची पत्रं येत राहतात, नायिका त्या पत्रांवर जीव टाकते, आणि शेवटच्या प्रकरणात कळतं की नायक दोन वर्षांपूर्वीच वारला आहे. पत्रं त्याची बहीण लिहीत होती. या एका धक्क्यासाठी मी सगळी बांधणी केली. ना. सी. फडक्यांच्या 'प्रतिभासाधन'ची मी कॉलेजात पारायणं केली होती. उत्कंठा कशी वाढवायची, उकल कुठवर लांबवायची, हे जमलं की कादंबरी जमली, असं मनाशी धरून बसले होते. दोष त्या पुस्तकाचा नाही, मीच त्यातलं तेवढंच उचललं. 'शेवट कुणाला सांगू नका' अशी ओळ मलपृष्ठावर टाकू या, असं प्रकाशकांनी सुचवलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

पुढे आमच्या तालुक्याच्या वाचनालयात कार्यक्रम झाला. तो संपल्यावर एक निवृत्त शिक्षिका पुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या. ८४व्या पानावर त्यांनी खुणेला एसटीचं तिकीट घातलं होतं.

"इथे ही बहीण घरात एकटीच आहे ना?"

"हो."

"आणि तुम्ही तिच्या मनातलं लिहिताय. दादा या वेळी गणपतीला येईल का, असा विचार करतेय ती. दादा गेलाय हे तिला माहीत आहे, घरात दुसरं कुणी नाही. मग ती खोटं कुणाशी बोलतेय?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन ते पान काढलं. त्या वाक्यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती. वाचकाला शंका येऊ नये, एवढ्यासाठी ते तिथे होतं. बहीण खोटं बोलतच नव्हती. तिच्या मनात शिरून मी बोलत होते.

त्या आठवड्यात मी कपाटातल्या जुन्या आवडत्या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या. जेन ऑस्टिनच्या 'एमा'त फ्रँक चर्चिल आणि जेन फेअरफॅक्स यांनी गुपचूप लग्न ठरवलेलं असतं, आणि ते आपल्याला फार उशिरा कळतं. पण फ्रँक केस कापायला म्हणून लंडनला जाऊन येतो आणि पाठोपाठ जेनकडे एक पियानो येतो, पाठवणाऱ्याचं नाव नसलेला. लेखिकेने सगळं आपल्या समोर मांडून ठेवलेलं आहे. एमा स्वतःच्या भरवशावर चुकते, आणि तिच्या डोळ्यांनी बघणारे आपणही तिच्याबरोबर चुकतो. डाफ्नी द्यू मोरिएच्या 'रिबेका'त (१९३८) गोष्ट सांगणाऱ्या दुसऱ्या बायकोला खरोखरच वाटत असतं की नवऱ्याचा जीव अजून पहिलीतच अडकला आहे. खरं त्याच्या तोंडून बाहेर पडतं तेव्हा पुस्तक संपत नाही, पुढे कितीतरी पानं दोघांना ते खरं घेऊन जगावं लागतं. आणि याच कादंबरीचे सुरुवातीला लिहिलेले सुमारे १५,००० शब्द लेखिकेने फाडून टाकले होते. मी माझ्या मसुद्यातलं एक पानही टाकलं नव्हतं.

तरी ही सगळी कारागिरीतली चूक झाली. खरी चूक मावशीच्या बाबतीत झाली.

ती गोष्ट मावशीची होती. १९७४ साली मामाचं लग्न ठरलं. मुलगी रत्नागिरीला आत्याकडे राहून जुन्या अकरावीची परीक्षा देत होती. मामाचं अक्षर वाईट आणि शब्दांची चणचण त्याहून जास्त, म्हणून चिपळूणच्या घरी त्याने उंबऱ्यात बसून सांगायचं आणि मावशीने आंतरदेशीय पत्रावर उतरवायचं, असं पहिल्या पत्रापासून चाललं होतं. त्याने एक वाक्य सांगितलं की मावशी त्याची चार करायची. फेब्रुवारीत मामा काविळीने गेला. परीक्षा होईपर्यंत मुलीला कळू देऊ नका, पत्रंही थांबवू नका, असं तिच्या वडिलांनीच हात जोडून सांगितलं. त्यानंतर मावशीने तीन पत्रं लिहिली.

हे सगळं मी लहानपणी आईकडून ऐकलं होतं. कादंबरीत घेताना मावशीला विचारलं नाही. तीन पत्रांची दोन वर्षं केली, गाव बदललं, आणि एवढं बदललं म्हणजे गोष्ट आपली झाली, अशी स्वतःची समजूत घातली.

मावशीने पुस्तक वाचलं ते मला महिनाभराने कळलं. मी भेटायला गेले तेव्हा ती ओट्यावर फणस सोलत बसली होती. हाताला तेल लावलेलं, त्यामुळे पुस्तक लांब, खिडकीत ठेवलं होतं.

"शेवटी कळतं होय गं सगळं?" ती म्हणाली.

"हो."

"मला तर पहिल्यापासून ठाऊक होतं. तरी लिहायला बसले की हात कापायचा. ते तू कुठेच नाही घातलंस."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. भाऊ गेला आहे हे माहीत असताना त्याच्या नावाने त्याच्या होणाऱ्या बायकोला पत्र लिहिणारी एकोणीस वर्षांची मुलगी मला घरात मिळाली होती, आणि तिला मी तीनशे पानं पडद्याआड उभी करून ठेवलं. वाचक शेवटी दचकावा म्हणून. त्या रात्री तिच्या शेजारी झोपले होते, पण झोप आली नाही. सकाळी मी तिची माफी मागितली आणि ही गोष्ट पुन्हा लिहू का, असं विचारलं. तिने दोन दिवस घेतले, मग हो म्हणाली.

आता नव्या लेखनात मामा पहिल्याच पानावर जातो. पुढचं सगळं मावशीच्या हाताचं आहे. दौतीपाशी बसल्यावर आतल्या खोलीतून येणारा आजीचा आवाज, पहिल्या पत्रात चुकून 'गेला होता' असं लिहून केलेली खाडाखोड, ते आंतरदेशीय फाडून नव्यासाठी पोस्टात मारलेली खेप. हे मला आधी ठाऊकच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात तिसऱ्या पत्रापाशी पोचले. माझ्या छापील कादंबरीत ते पत्र दीड पान आहे, चांदणं आणि समुद्राने भरलेलं. मी मावशीला फोन केला. त्यात खरं काय लिहिलं होतंस?

"चारच ओळी होत्या," ती म्हणाली. "पेपर सावकाश सोडव. घाई करू नकोस. जाताना डबा घेऊन जात जा. दुमडायच्या पट्टीवर नेहमी मी काहीतरी लिहायची, ती कोरी सोडली."

"आणि खाली?"

"आधीच्या सगळ्या पत्रांत 'तुझा' लिहायची. त्यात नाही लिहिलं. नुसतं त्याचं नाव घातलं."